बारा बाय बारा सांगून बारा बाय आठ बॅटरीचा फवारणी पंप पाठवला, परतीची मुदत संपलीय. काय करता येईल?

शिवारातली (औसा तालुका), २४ जुलै

नमस्कार. आमची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे. सोयाबीन आणि त्यात तुरीचे तास. मालक ट्रकवर असतात, महिन्यातून चार दिवस घरी, त्यामुळे फवारणी मीच करते. आजवर दांड्याचा पंप होता. पाठीवर सोळा लिटरचं ओझं आणि डाव्या हातानं दिवसभर दांडा हलवायचा. संध्याकाळी भाकरी थापायला हात वर होत नाही. म्हणून यंदा ठरवलं, काही झालं तरी बॅटरीचा पंप घ्यायचा.

लातूरच्या दुकानात चौकशी केली होती, पण ऑनलाइन साडेपाचशे रुपये कमी दिसले. पुतण्या पुण्याला असतो, त्यानं त्याच्या खात्यावरून २ जूनला मागवला. वीस लिटर, डबल मोटर, १२ बाय १२ बॅटरी (म्हणजे १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तास), ३,४४९ रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं की एका चार्जिंगवर १८ ते २० टाक्या. ९ जूनला पंप आला. त्या दिवशी पाणी भरून दहा मिनिटं चालवून बघितला, फवारा चांगला पडला. झाकून ठेवला. पुढं मृगाच्या पेरणीची धांदल, कोण बघतंय त्याच्याकडं.

१४ जुलैला पहिली फवारणी काढली. पानांच्या देठांवर चक्रीभुंग्याच्या खुणा दिसत होत्या, थांबण्यासारखं नव्हतं. सहा टाक्या नीट गेल्या. सातव्या टाकीला फवाऱ्याचा जोर गेला, नुसते थेंब पडायला लागले. पहिला एकरही पुरा झाला नव्हता. कालवलेलं औषध तर ठेवता येत नाही. मग शेजारच्या गड्याला टाकीला ४० रुपये ठरवून राहिलेलं रान मारून घेतलं. मला वाटलं, चार्जिंग कमी झालं असेल. पुढच्या वेळी रात्रभर चार्ज केला, हिरवा दिवा लागेपर्यंत. आठ टाक्या. तिसऱ्या वेळी पुन्हा सात.

परतीची मुदत सात दिवसांची होती, म्हणजे १६ जूनलाच संपली. पंप शेतात चालवून बघायला पीक तर उगवायला पाहिजे ना? पेरणीच २२ जूनला झाली. पुतण्यानं तक्रार टाकली, कारण निवडलं "वस्तू खराब". बरीच विनवणी केल्यावर त्यांनी एकदा माणूस पाठवला. त्यानं बटण दाबलं, पाणी आलं, मोबाइलवर "वस्तू चालू आहे" असं भरलं आणि गेला. बिचाऱ्याला तेवढंच विचारलं होतं. त्याच संध्याकाळी मेसेज आला की तपासणीत दोष आढळला नाही, विनंती रद्द. विक्रेत्याला लिहिलं तर एका ओळीत उत्तर: मोटरला सहा महिने वॉरंटी आहे, बॅटरीला नाही.

गावातला बॅटरीवाला म्हणतो ही १२ बाय १२ नाहीच, १२ बाय ८ आहे. पण बॅटरीवर स्टिकर १२ बाय १२ चंच आहे. मग माझं कोण ऐकणार? ३,४४९ रुपये माझे आहेत, शेळी विकून आलेले. हे मी कशावरून सिद्ध करू आणि कुणाकडं जाऊ?

रानपाखरू

ताई, मनस्ताप करून घेऊ नका. आमच्याकडं दोघांचं असंच झालं. हजारभर रुपये घालून चांगली १२ बाय १२ बॅटरी बसवा आणि हंगाम काढा. या लोकांच्या मागं लागून फवारणीचे दिवस जातील.

बॅटरी_दुरुस्ती (परभणी)

ताई, नवी बॅटरी घ्यायची घाई करू नका. तुमच्या हातात पुरावा आहे, तुम्हाला तो दिसत नाहीये एवढंच. माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे, पावसाळ्यात रोज पाच-सहा पंप माझ्या टेबलावर येतात.

स्टिकर कुणीही चिकटवतो. शिसं मात्र चिकटवता येत नाही. ही बॅटरी शिसं आणि आम्लाची. जितकी क्षमता जास्त तितकं आत शिसं जास्त, म्हणून वजन जास्त. खरी १२ बाय १२ साधारण साडेतीन किलोच्या आसपास भरते, थोडं इकडंतिकडं. १२ बाय ८ अडीच किलोच्या आतबाहेर. हा फरक कुणालाही कळतो, त्याला शिकलेला माणूस लागत नाही.

असं करा. पंपाच्या बुडाला झाकण असतं, त्याचे स्क्रू काढा. काढण्याआधी कुणाला तरी मोबाइल धरायला सांगा आणि व्हिडिओ मध्ये कुठंही न तोडता चालू ठेवा. आधी पंपावरचा नंबर, मग स्क्रू, मग वायर काढून बॅटरी बाहेर, मग तसंच चालत किराणा दुकानात आणि थेट काट्यावर. दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तोही व्हिडिओत दाखवा. घरच्या काट्यावर वजन केलं तर समोरचा म्हणेल काटा चुकीचा आहे.

दुसरी परीक्षा बल्बची. चारचाकीच्या इंडिकेटरला लागतो तो १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करून तासभर ठेवा, मग बल्ब जोडा आणि वेळ लिहा. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. नवी १२ बाय १२ असेल तर पाच तासांच्या पुढं चालायला पाहिजे. १२ बाय ८ चार तासांच्या आतच मान टाकते. शेजारी मीटर लावून ठेवा आणि साडेदहा व्होल्टला बल्ब काढा, त्याखाली गेली तर बॅटरी खरंच खराब होईल आणि मग दोष तुमच्यावर येईल.

एक हात जोडून सांगतो, बॅटरी फोडून बघू नका. आत गंधकाचं आम्ल असतं, हात आणि डोळे दोन्ही जातील. आणि फोडलेली बॅटरी पुरावा म्हणून कुणी धरणारही नाही.

शिवारातली, २७ जुलै

दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. धाकटीनं मोबाइल धरला. वजन २ किलो ३८० ग्रॅम. बल्ब आमच्या दिराच्या गाडीचा काढला. सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी लावला, १२ वाजून ५० मिनिटांनी मीटर साडेदहावर आलं. तीन तास चाळीस मिनिटं. मीटर त्या गावातल्या बॅटरीवाल्याचंच होतं, तो स्वतः समोर बसून होता.

पण एक वाईट झालं. पुतण्यानं काल ती जाहिरात पुन्हा उघडली तर १२ बाय १२ हा शब्दच तिथं नाही. आता "दमदार १२ व्होल्ट बॅटरी" असं लिहिलंय. आम्ही घेतलं तेव्हाचा फोटो काढून ठेवला नव्हता. आता काय?

मसाला_विक्री (सांगली)

ताई, मी स्वतः ऑनलाइन मसाले विकतो, म्हणून त्या बाजूची माहिती देतो. जाहिरात बदलली तरी घाबरू नका. पुतण्याला बिल उतरवून घ्यायला सांगा. बिलावर वस्तूचं नाव सहसा ऑर्डरच्या वेळी होतं तसंच छापलेलं असतं. ऑर्डर दिल्यावर ई-मेल येतो, त्यातही तेच नाव असतं.

दुसरं, परतीचं कारण चुकलं. "वस्तू खराब" म्हटलं की तपासणारा फक्त चालू-बंद बघतो. तुमचा पंप चालू आहेच, तुमचं म्हणणं वेगळं आहे. यापुढं प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य लिहा: "वर्णनाप्रमाणे वस्तू दिली नाही." खराब हा शब्द पुन्हा वापरू नका. तो वापरलात की वॉरंटीची गोष्ट निघते आणि ती गोष्ट त्यांच्या सोयीची आहे.

आणि एक कळकळीची सूचना. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन करू नका. खोटे नंबर टाकून बसलेले असतात. पैसे परत करतो म्हणून लिंक पाठवली, ओटीपी मागितला किंवा मोबाइलमध्ये एखादं ॲप टाकायला लावलं तर फोन ठेवा. माझ्या एका गिऱ्हाइकाचे दोनशे रुपयांच्या परताव्याच्या नादात खात्यातले अठरा हजार गेले. असं काही झालंच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

निवृत्त_वाचक (लातूर)

ताई, मी ग्राहक चळवळीत बरीच वर्षं आहे. तुमचं प्रकरण लहान आहे असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. कायदा अशाच प्रकरणांसाठी केलेला आहे.

विक्रेता मुदत आणि वॉरंटी या दोन गोष्टींमागं लपतोय. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला नियम ६ सांगतो की वस्तू सदोष किंवा बनावट असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. सात दिवसांची मुदत ही मन बदललं, रंग आवडला नाही अशांसाठी असू शकते. बारा सांगून आठ देणं हा त्यातला प्रकार नव्हे.

क्रम असा ठेवा. आधी त्या ऑनलाइन बाजारपेठेच्या, म्हणजे ज्या संकेतस्थळावरून मागवला त्याच्या, तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल. त्याचं नाव आणि पत्ता संकेतस्थळावर देणं त्यांना बंधनकारक आहे. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हेही त्याच नियमांत आहे. ई-मेलमध्ये विक्रेत्याचा पूर्ण पत्ता लेखी मागा. खरेदी झाल्यावर ग्राहकानं लेखी मागितला तर बाजारपेठेला तो द्यावाच लागतो. बरेच लोक हे मागतच नाहीत आणि पुढं नोटीस कुठं पाठवायची तिथं अडतात.

त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो वहीत लिहा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण ती तक्रार कंपनीच्या वरच्या माणसांपर्यंत पोहोचवते. तेवढ्यानंही पुष्कळ प्रकरणं मिटलेली मी पाहिली आहेत.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता परराज्यातला असला तरी तुम्हाला तिकडं जावं लागणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते, म्हणजे आपलं लातूर. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणजे हंगाम संपेपर्यंत थांबलात तरी चालेल. त्या व्हिडिओबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. व्हिडिओ कोणत्या मोबाइलवर, कुणी घेतला वगैरे त्यात लिहायचं असतं. मूळ व्हिडिओ धाकटीच्या मोबाइलमधून काढून टाकू नका.

दोन शंका तुमच्या मनात येतील, त्यांची उत्तरं आधीच देतो. बिल पुतण्याच्या नावावर आहे म्हणून तुमचा हक्क जात नाही. घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहकच आहे. आणि उद्या ते म्हणतील की शेती हा धंदा, तुम्ही ग्राहक कसल्या? स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत, हे कायद्यातच लिहिलं आहे. बियाण्यांच्या बाबतीत शेतकरी ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. हे वाक्य कागदावर लिहून फोनजवळ ठेवा.

शिवारातली, २८ जुलै

सर, वाचून धीर आला. बिल काढलं. त्यावर वस्तूचं नाव दोन ओळींत आहे आणि दुसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिलंय, १२ बाय १२. पुतण्यानं फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी त्याला तीनदा वाचायला लावलं. ई-मेल आज रात्री पाठवतोय.

पंप मी आता वापरत नाहीये. वापरला तर पुन्हा म्हणतील वापरलेला आहे. दांड्याचा जुना पंप काढलाय.

शिवारातली, २३ ऑगस्ट

सगळ्यांना नमस्कार. काय झालं ते सांगायला आले, कारण माझ्यासारख्या अजून बायका असतील.

ई-मेलची पोच दुसऱ्या दिवशी आली. मग आठ दिवस काही नाही. १९१५ वर त्याच दिवशी तक्रार नोंदवली होती. फोनवरच्या ताईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, वजनाचा आकडा दोनदा विचारून लिहिला. ७ ऑगस्टला बाजारपेठेकडून उत्तर आलं की ४०० रुपयांचं कूपन देतो, विषय संपवा. पुतण्या म्हणाला, काकू घेऊन टाका. मी नाही म्हटलं. कूपन घेतलं असतं तर पुढच्या खरेदीला त्यांच्याकडंच जावं लागलं असतं, आणि मला त्यांच्याकडून आता काही घ्यायचं नाही.

दोन दिवसांनी विक्रेत्याचा थेट फोन आला. हिंदीत बोलत होता. आधी म्हणाला बॅटरी चांगलीच आहे, तुमचं चार्जिंग चुकतंय. मी वजन सांगितलं. दोन किलो तीनशे ऐंशी. तो थोडा वेळ गप्पच बसला. मग म्हणाला हजार रुपये पाठवतो, तक्रार मागं घ्या आणि चांगला अभिप्राय लिहा. मी म्हटलं, जे बोलायचं ते ई-मेलवर लिहून पाठवा. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. माझा आवाज थरथरत होता, पण मी ते वाक्य म्हटलं. मसाल्याच्या दादांनी फोनपासून सावध राहायला सांगितलं होतं, ते डोक्यात होतं.

मग पुतण्यानं दुसरा ई-मेल पाठवला. त्यात सरांनी सांगितलेलं नियम ६ चं वाक्य, बिलाची दुसरी ओळ, काट्याचा फोटो, आणि शेवटी एवढंच की सात दिवसांत पैसे आले नाहीत तर लातूरच्या आयोगात तक्रार दाखल करतो, त्यासाठी विक्रेत्याचा पूर्ण पत्ता द्या. पत्ता त्यांनी पाठवला. आणि तीन दिवसांनी, १४ ऑगस्टला, पूर्ण परतावा मंजूर झाल्याचा मेसेज आला.

पंप न्यायला तोच पहिला मुलगा आला. औषधाचा पंप होता, म्हणून मी आदल्या दिवशी तीनदा पाण्यानं धुऊन उन्हात ठेवला होता, त्याच्या हाताला काही लागायला नको. त्यानं या वेळी बटण दाबलं नाही. म्हणाला, या वेळी फक्त न्यायला सांगितलंय. चहा घेऊन गेला. २० तारखेला ३,४४९ रुपये पुतण्याच्या खात्यावर आले, त्यानं त्याच दिवशी माझ्याकडं वळते केले.

गड्याला दिलेले ४८० रुपये मात्र गेले. सर, त्यासाठी आयोगात जावं का, हा विचार मी अजून सोडलेला नाही. सोयाबीन घरात आली की तुम्हाला पुन्हा विचारीन.

परभणीच्या दादांना एक सांगायचं आहे. बॅटरी काट्यावर ठेवली त्या दिवशी दुकानात चार बायका होत्या. त्यांतल्या तिघींच्या घरी ऑनलाइन घेतलेले पंप आहेत. दुसऱ्या दिवशी तिघी आपापल्या बॅटऱ्या घेऊन आल्या. एकीची ३ किलो ४६० भरली, ती खरी निघाली. दुसरीची २ किलो ४१०, तिसरीची २ किलो ३६०. दोघींच्याही स्टिकरवर १२ बाय १२. एकीनं मागच्या वर्षीच्या जूनमध्ये घेतलेला, म्हणजे दोन वर्षं व्हायला अजून वेळ आहे. दुसरीचं बिल सापडत नव्हतं, तिच्या मुलानं ई-मेलमधून शोधून काढलं.

निवृत्त_वाचक (लातूर)

ताई, अभिनंदन. ४८० रुपयांची गड्याची पावती नसेल तर त्याच्याकडून साध्या कागदावर तारीख आणि टाक्यांची संख्या लिहून सही घेऊन ठेवा, आठवण ताजी आहे तोवर. दोघी बहिणींच्या तक्रारी वेगवेगळ्या करा, बिलं आणि विक्रेते वेगळे असतील. आणि एकाच गावात तीन पंपांत हेच निघालं आहे, तर हा एका माणसाचा प्रश्न राहत नाही. फसव्या जाहिरातीमुळं अनेक ग्राहकांचं नुकसान होत असेल तर त्याच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार देता येते. तिन्ही वजनांचे फोटो एका अर्जाला जोडा.

शिवारातली

हो सर. रविवारी आमच्या ओट्यावर बसतोय तिघी. धाकटी अर्ज लिहिणार आहे, तिचं अक्षर चांगलं आहे. काट्याचे फोटो दुकानदारानं परत काढून देतो म्हटलंय, शिक्का नीट दिसेल असे.